आईला जेवणाची चव लागत नाही, वासही येत नाही. वयामुळे असं होतं का?

आईंचं वय 74, वर्षभरात जेवण निम्म्यावर आलंय आणि "कशालाच चव नाही" हे रोजचं पालुपद, असं तुम्ही लिहिलंय. मी 71 चा. डॉक्टर नाही, पण माझ्या नाकाचं हेच झालंय म्हणून लिहितो.

हो, वयामुळे होतं. मात्र बहुतेकदा जीभ ठणठणीत असते. तिला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये असते ती रुचकर चव), बस्स. बाकी सगळा स्वाद घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा. नाक चिमटीत धरून कॉफी पिऊन बघा, नुसतं कडू गरम पाणी. वास टिपणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात. म्हातारपणी ते काम मंदावतं. अमेरिकेतल्या 2002 च्या एका पाहणीत 80 च्या पुढच्या 62.5 टक्के लोकांचं घ्राण अधू निघालं, आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताच नव्हता.

मलाही नव्हता. एकदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं, धूर झाला, आणि मी दोन हातांवर निवांत पेपर वाचत होतो. सून धावत आली तेव्हा कळलं. तोवर मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होतो, वरून मीठ घेत होतो (बीपी वाढलं ते वेगळंच), आणि ती बिचारी मनाला लावून घेत होती.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पॉलिप (नाकात वाढणारी मऊ गाठ), जुनाट सर्दी, एखादं चालू औषध, कारण काहीही निघू शकतं. वास अचानक गेला असेल तर थांबूच नका. पार्किन्सनमध्येही (हातपाय थरथरण्याचा मेंदूचा आजार) वास आधी जातो, पण प्रत्येक वेळी तेच असतं असं नाही.

मला नाकाचा सराव म्हणून गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग रोज दोनदा, प्रत्येकी दहाएक सेकंद हुंगायला सांगितलं. किमान 12 आठवडे. कंटाळवाणं काम आहे. चौथ्या महिन्यात लिंबू ओळखू आलं. लवंग अजून नाही. मीठ वाढवण्यापेक्षा आंबट, तिखट, कुरकुरीत काही दिलं तर घास जातो. गॅसगळतीचा अलार्म मात्र आजच बसवा, आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यांवर तारीख लिहा.

आणखी एक. स्वतःच्या घामाचा वास येत असेल का, या धास्तीने मी लोकांत बसणं टाळायचो. आई हे आपणहून बोलणार नाहीत, तुम्हीच विषय काढा.