बाग क्योतोची, दगड आपला

प्रश्न : घरापुढे दहा बाय सहा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे जपानी पद्धतीची वाळूची बाग करायची आहे. कृष्णेची वाळू चालेल का? शेजारी मातीचं, हातानं घडवलेलं एक भांडं ठेवायचंय. ते मला स्वतःला जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नदीची वाळू नको. ती बारीक असते. अशा बागेत दाताळ्यानं ओढलेली रेघ वाळली की वाऱ्यानं पुसली जाते. शिवाय कृष्णेच्या पात्रातनं एवढा उपसा झालाय, की शोभेसाठी आणखी एक पाटीही मागवू नये असं मला मनापासून वाटतं.

जपानमधल्या क्योतो शहरातल्या बागांतली वाळू म्हणजे खरं तर बारीक खडीच. तिथल्या शिराकावा भागातला ग्रॅनाइट झिजून ती होते. फेल्डस्पार या पांढऱ्या खनिजाबरोबर करडं क्वार्ट्‌झ आणि काळा अभ्रक त्यात असतो, म्हणून उन्हातही डोळे दिपत नाहीत. दाणे कोनदार, एकमेकांत अडकतात, त्यामुळे दाताळ्यानं काढलेली लाट टिकते.

म्हणून संगमरवराची पांढरी खडीही आणू नका, एप्रिलात तिच्याकडे बघवणार नाही. आपला दगड काळा, बेसाल्ट. क्रशरवरची तीन ते सहा मिलिमीटरची ग्रिट, म्हणजे बारीक खडी, घ्या. साताऱ्यात माझ्या अंगणात तीच आहे. वळवाची सर येऊन गेली की ओल्या काळ्या रेघा काय उठून दिसतात! मात्र चाळून, धुऊन घ्या. भुकटी राहिली तर पावसात थर घट्ट बसतो. तुमच्याकडची काळी माती फुगते, भेगाळते. ती फूटभर काढून मुरूम भरा, चोपा, वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कृत्रिम कापड, अंथरा, मग तीन इंच ग्रिट.

दगड तीनच ठेवा. क्योतोतल्या रिओआन-जी मंदिराच्या बागेत पंधरा आहेत, पण ती जागा सुमारे पंचवीस बाय दहा मीटरची. तिथे ओसरीवर कुठेही बसा, एखादा दगड दुसऱ्याआड जातोच. तुम्हीही रोज बसता तिथून एक दगड अर्धा झाकला जाईल असं मांडा. आणि प्रत्येक दगड थोडा गाडा, नुसता वर ठेवलेला उपरा दिसतो.

भांडं नक्की स्वतःच करा. सोळाव्या शतकात चोजिरो या जपानी कुंभारानं चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी चहाचे वाडगे केले, ते चाकावर नाहीत, हातानंच. परसातली काळी माती घेऊ नका, वाळताना आकसून तडकते. कुंभारवाड्यातून मळलेली माती आणा. गोळा तळहातावर घेऊन अंगठ्यानं खोलगट करत जा. काठ एकसारखा करण्याच्या मोहात पडू नका. बोटांचे ठसे दिसू देत, मला भांड्यात आधी तेच बघायला आवडतात. मग सावलीत सावकाश, पूर्ण वाळू द्या. आत ओल राहिली तर भाजताना वाफ होऊन भांडं फुटतं.

भाजण्यासाठी कुंभारदादांना विचारा, आव्यात एका कडेला जागा देतील. त्या आचेवरचं भांडं पाझरतं, तेव्हा फुलं तरंगवायची असतील तर आत काचेची वाटी बसवा. हे सगळं मेअखेरपर्यंत उरका, पाऊस लागला की आवे बंद होतात.