फाइलमध्ये ‘लिहिणे’ की ‘जतन करणे’? आणि झिपला ‘अभिलेखागार’?

फोंड्याच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात संगणक शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गातली बरीच मुले सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून आलेली. पाचवीपासून पुस्तके इंग्रजी असली तरी अडले की मराठीतच विचारतात. त्यांच्यासाठी बाई मराठी टिपणे काढताहेत. प्रोग्राममधून फाइलमध्ये डेटा ‘लिहिणे’ म्हणावे, ‘साठवणे’ की ‘जतन करणे’? आणि झिप, टार यांसारख्या, अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या ‘आर्काइव्ह’ला कोशातला ‘अभिलेखागार’ चालेल का?

अभिलेखागाराचे आधी उरकू. आगार म्हणजे जागा. पणजीत पुराभिलेख खाते आहे, तिथल्या संग्रहाची सुरुवात १५९५ची, आणि इतिहासकार दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला प्रमुख. पोर्तुगीज आणि मोडी कागदांचे ते आगार खरेच. पण चार फाइली एकत्र करून मेलला जोडल्या, त्याला आगार कसे म्हणायचे? (ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तर ‘आर्किव्हु’ म्हणजे संगणकातली साधी फाइल, पोर्तुगालवाले तिला ‘फिशेइरु’ म्हणतात. म्हणजे घोळ आपल्याकडेच आहे असे नाही.)

मी ‘गठ्ठा’ सुचवीन. बासन हा शब्द देखणा आहे, पण एखादी गोष्ट बासनात गेली की ती कायमची बाजूला पडली असा अर्थ निघतो. गठ्ठ्याला क्रियापदेही आयती मिळतात: बांधणे आणि सोडणे. शिवाय गठ्ठा दाबलेला, म्हणजे ‘कॉम्प्रेस’ करून आकार कमी केलेला, असतोच असे नाही. टार फाइल नुसती बांधते; प्रत्येक फाइलीआधी तिचे नाव, आकार वगैरेची ५१२ बाइटांची चिठ्ठी लावते, की पुढची फाइल. दाबायचे काम जीझिपसारखा वेगळा प्रोग्राम करतो. झिपमध्ये दोन्ही कामे एकत्र होतात, तरी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘झिपफाइल’ या तयार सोयीला वेगळे सांगितले नाही तर ती फाइली न दाबताच भरते. ‘झिप केली तरी आकार तेवढाच कसा?’ असे विचारणाऱ्या मुलाला बांधणे आणि दाबणे हे दोन शब्द दिले, की निम्मे उत्तर मिळाले.

आता मुख्य प्रश्न. ‘लिहिणे’ आणि ‘जतन करणे’ यांतला एक निवडायचा नाही, दोन्ही लागतात. प्रोग्रामने ‘राइट’ म्हटले की मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एका तात्पुरत्या जागेत जातो. तिथून ‘फ्लश’ केल्यावर तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती पडतो, आणि सिस्टिम तो सवडीने डिस्कवर टाकते. ती सवड होण्याआधी जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी वीज गेली, तर लिहिलेले गेलेच. ‘एफसिंक’ नावाची आज्ञा आहे ती एवढ्यासाठीच: डिस्कवर पोचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. म्हणून ‘राइट’ला लिहिणे, मजकूर खरोखर पोचला की ‘डिस्कवर उतरणे’, आणि ‘सेव्ह’च्या बटणाला जतन करणे. ‘साठवणे’ मी डेटाबेससाठी राखून ठेवीन.

‘ओव्हरराइट’ला काही टिपणांत ‘वर लिहिणे’ दिसते. ते साफ चुकीचे चित्र उभे करते. पायथनमध्ये ओपन(‘हजेरी.टीएक्सटी’, ‘डब्ल्यू’) ही, फाइल लिहिण्यासाठी उघडणारी ओळ चालली, की त्याच क्षणी जुनी हजेरी शून्य बाइट होते. एक अक्षर लिहायच्या आत! पुढच्या ओळीत प्रोग्राम अडखळला तर हातात कोरी फाइल. तेव्हा ‘पुसून लिहिणे’च म्हणा. ‘ए’ने उघडली तर ‘पुढे लिहिणे’, कीर्दीत रोजची नोंद पुढे चढवतात तसे. आणि ‘एक्स’ने उघडल्यास, त्या नावाची फाइल आधीच असली तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो, पुसण्याचा प्रश्नच येत नाही. विद्यार्थ्यांना हा तिसरा प्रकार क्वचितच कोणी शिकवतो.

‘क्लोज’ला बंद करणे ठीक आहे. कचेरीत ‘फाइल बंद केली’ म्हणजे प्रकरण मिटवले, पण संदर्भ वेगळा असल्याने गोंधळ होत नाही. गठ्ठ्याच्या बाबतीत मात्र बंद करण्यावर जोर द्या. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते आणि ती बंद करतानाच लिहिली जाते. मधेच प्रोग्राम पडला तर आतला मजकूर बहुतेक जागच्या जागी असतो, पण गठ्ठा नेहमीच्या मार्गाने सुटत नाही.

आणखी एक: झिप ‘ए’ने उघडून त्याच नावाची फाइल पुन्हा घातली, तर जुनी पुसली जात नाही. पायथन नाव दुसऱ्यांदा आल्याची ताकीद देतो आणि दोन्ही ठेवतो. नाव सांगून मागितली तर नंतरची देतो. तिथे ‘पुसून लिहिणे’ वापरू नका, ‘गठ्ठ्यात आणखी एक घालणे’ म्हणा.