फेब्रुवारीत पाहुणे नकोत

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

आफ्रिकेतल्या मलावीत, तुझ्याकडच्या गावांत सेवेला येणाऱ्या पाहुण्यांची पुढची टीम फेब्रुवारीत येऊ म्हणते आहे, असं तू लिहिलंस. त्यांना नाही कळव. संकोच वाटला तर माझं नाव पुढे कर.

मलावीत फेब्रुवारी म्हणजे टंचाईचा महिना. मका शेतात हिरवा उभा असतो आणि अंगणातली न्खोक्वे, म्हणजे आपली कणगी, तळाला गेलेली असते. माझी पहिली टीम मी याच दिवसांत आणली होती. मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी एका घरी आम्हा अकरा जणांना भात आणि कोंबडीचा रस्सा वाढला. आम्ही पोटभर जेवलो, फोटो काढले. त्या घरातली मुलं काय जेवली, हे मी विचारलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी शेजारणीकडून कळलं, कोंबडी शेवटची होती आणि तांदूळ उसना आणला होता. मी नगरच्या दुष्काळी खेड्यात वाढलेली. पाहुण्यासमोर रिकामा डबा कोणी उघडून दाखवत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं. आजही तो रस्सा आठवला की घास अडकतो.

म्हणून टीम मे ते ऑगस्टमध्येच बोलाव. कापणी झालेली असते, रस्ते सुकलेले असतात. मात्र जून-जुलैत तिकडे चिपेरोनीचा गार वारा आणि झिमझिम पाऊस असतो. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून लोक स्वेटर आणत नाहीत. आधीच सांगून ठेव.

जेवणाचे पैसे टीम पोहोचण्याआधी म्वानोच्या, म्हणजे महिला मंडळाच्या, हातात दे. काय रांधायचं ते त्या ठरवतील. पाहुण्यांना स्वतःची पाकिटं उघडून वेगळं खाऊ देऊ नकोस. उकळलेलं किंवा बाटलीतलं पाणी प्यायलं तर कोणाला वाईट वाटत नाही, पण न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, ताट मागे सारलं तर बाई दुखावते. हातावर पाणी घालायला कोणी आलं की हात पुढे करायचे, उजव्या हाताने खायचं, इतकं शिकवलंस तरी पुष्कळ.

गावात शिरल्यावर आधी मुखियाकडे जायचं, मग चर्चमध्ये. पाळकांनी बोलावलं म्हणजे गावाने बोलावलं असं होत नाही.

आता कामाबद्दल. प्रत्येक टीमला विटा रचायच्या असतात. त्यांना गावी नेण्याआधी ब्लँटायर शहरातलं सेंट मायकेल चर्च दाखव. 1888 ते 1891 या काळात ते उभं राहिलं. डेव्हिड क्लेमेंट स्कॉट या मिशनऱ्याने वास्तुकलेचं शिक्षण नसताना ते उभारलं आणि बांधलं तिथल्याच माणसांनी. त्या कमानी पाहिल्यावर, गावात गवंडी असताना आपण थापी का धरायची, हा प्रश्न त्यांना आपोआप पडतो. पडला नाही तर तू विचार. गवंड्याला मजुरी मिळू दे. पाहुण्यांनी हवं तर पाणी आणि विटा वाहाव्यात.

हातपंप देणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: आतली सील झिजली की बदलणार कोण? अ‍ॅफ्रिडेव्ह पंप गावातल्या माणसांना दुरुस्त करता यावा म्हणूनच तसा बनवलाय. पण सुटा भाग जवळच्या बाजारात मिळाला पाहिजे, पाणी समितीच्या डब्यात त्याचे पैसे पाहिजेत आणि पंप उघडायला शिकलेल्या दोन बायका पाहिजेत. एवढं जमत नसेल तर पंप नको म्हण. देणारे नाराज होतील, होऊ देत.

औषधं वाटायची असतील तर परवानगी आणि आरोग्य केंद्राची संमती आधी घे. मुलांना एकटं कोणासोबत पाठवू नकोस, मग तो माणूस कितीही भला असो.

शेवटच्या संध्याकाळी तू जागरूक राहा. गाणी होतात, डोळे भरून येतात आणि कोणीतरी एखाद्या मुलीला म्हणतं, 'तुझ्या शाळेची फी मी पाठवीन.' मनापासूनच म्हणतं. असं वचन दिलेली एक मुलगी पुढे दोन वर्षं, मी दिसले की पत्र आलं का विचारायची. द्यायचं ते मंडळीच्या शिक्षण निधीत द्या, हे पहिल्याच दिवशी सांग.

टीम गेल्यावर आठवड्याने परत जा, एकटी. दाराशी 'ओडी', म्हणजे 'येऊ का', म्हण, आतून 'ओडिनी', म्हणजे 'या', आलं की आत जाऊन बस. बायकांना विचार, किती दमलात, काय उरलं, पुन्हा बोलवायचे का. त्या 'बघू' म्हणाल्या तर पुढच्या वर्षी टीम दुसऱ्या गावी ने.

तुझी,
ताई

ता. क. टीममधल्या मुलींसाठी चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, तिथल्या बाजारातूनच घे, प्रत्येकीला दोन.