फोटोवरून पंचम जॉर्जचा रुपया कसा जोखावा

आधी नाण्यावरच्या राजाच्या चित्रातला मुकुट, भुवई आणि कान पाहा; झीज तिथे लवकर दिसते. मग राजाच्या झग्यावरचा छोटा हत्ती. १९११च्या नाण्यावर तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२पासून तो बदलला, म्हणून तुलना करताना साल बघा.

तपशील पुसट म्हणजे नाणे झिजलेलेच, असे नाही. नाणे पाडताना ठसा कमजोर बसला असेल तर पुसट भागावरही टांकसाळीची मूळ चमक टिकून असते. झिजलेल्या उंचवट्यावर ती तुटते आणि मंद राखाडी डाग दिसतो. एका फोटोवरून हे ठरवूच नका. नाणे तिरपे धरून, उजेड बदलून काढलेला व्हिडिओ विक्रेत्याकडे मागा. नाण्याच्या चित्र-अक्षरे नसलेल्या मोकळ्या भागात एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या तर ते बहुधा घासलेले आहे. कितीही लखलखत असले तरी मी असे नाणे घेत नाही.