मजबुतीची सख्खी बहीण जप्ती

लातूरचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी विचारतो: शेडच्या पातळ पत्र्याच्या पर्लिनांचे (म्हणजे छपराचे पत्रे पेलणाऱ्या आडव्या तुळयांचे) बोल्ट-जोड वर्णन करताना 'स्ट्रेंग्थ' आणि 'स्टिफनेस' दोन्हींना 'मजबुती' चालेल का?

मुळीच नाही. पण सगळे तेच करतात. फॅब्रिकेटर छातीठोक सांगतो, "जॉइंट मजबूत आहे," आणि वर पर्लिनला झोल पडलेला दिसतो! तुटत नाही ही एक गोष्ट, ती स्ट्रेंग्थ; हलत नाही ही दुसरी, ती स्टिफनेस. 16 मिलिमीटरच्या बोल्टला भोक 18 चं. भार आला की बोल्ट आधी त्या फटीत सरकतो, मग दोनेक मिलिमीटरच्या पत्र्याला रेटत भोक लांबुळकं करतो. बोल्टला ओरखडाही नाही, जोड तुटलेला नाही. पण टोकं नीट धरलेली राहिली नाहीत. सारख्या पसरलेल्या भाराखाली, दोन्ही टोकं पक्की धरलेल्या तुळईपेक्षा नुसत्या टेकवलेल्या तुळईचा झोल पाचपट.

आता खरी मजा. 'मजबूत' फारसी, असं सांगून कोशवाले मोकळे होतात. फारसीतून आला हे खरं, पण शब्द अस्सल अरबी. मूळ 'ज़ब्त', म्हणजे धरून ठेवणं, आवरणं. त्याच ज़ब्तची आपली 'जप्ती'! शिवराज्याभिषेकाच्या वेळच्या कानुजाबत्यातला (कारभाराच्या नियमावलीतला) 'जाबता' तोच, आणि निजामाच्या अमलात मराठवाड्यातली कोर्टं उर्दूत चालायची तेव्हाचा 'जाब्ता फौजदारी', म्हणजे फौजदारी खटले चालवण्याचा कायदा, तोसुद्धा. म्हणजे मजबूत याचा मूळ अर्थ दणकट नव्हेच. मजबूत म्हणजे आवरलेलं, जागच्या जागी धरलेलं. तेव्हा माझं मत असं, की या शब्दावर पहिला हक्क स्टिफनेसचा. स्ट्रेंग्थने तो बळकावलाय.

'दृढता' सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी ठरवावं, दृढ म्हणजे न तुटणारं की न हलणारं? त्यांच्या लेखनात दोन्ही सापडतं. गोंधळ तोच, फक्त सोवळ्यातला.

हां, उत्तर राहिलं. स्ट्रेंग्थला 'सामर्थ्य', स्टिफनेसला 'ताठरता' लिहा. परीक्षकाशी वाद नको. आणि 'बंदोबस्त'ही एकदा पाहा: त्यातले 'बंद' आणि 'बस्त' दोन्ही फारसीतल्या 'बांधणे' या एकाच धातूचे.