वाचक विचारतात: केळीच्या ओसाड मळ्यात दुधाचं गाव

प्रश्न: नमस्कार ताई, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. मुलगा सांगत होता की हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या ज्यू लोकांनी कॅरिबियन बेटावर शेतीचं गाव वसवलं. खरंय का? आणि शहरात वाढलेल्या त्या माणसांना शेती जमली कशी?

उत्तर: अगदी खरंय. गावाचं नाव सोसुआ, डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर. जुलै १९३८ मधे फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले, ज्यूंना आसरा कोण देणार हे ठरवायला, हळहळ सगळ्यांनीच व्यक्त केली पण दार उघडायला जवळजवळ कोणीच तयार नाही, या छोट्या देशाने मात्र लाखभर लोक घेऊ म्हटलं. पण तिथला हुकूमशहा त्रुहियो काही देवमाणूस नव्हता हो, १९३७ मधेच त्याने हजारो हैतियन लोकांची कत्तल करवली होती, जगभर छी थू झालेली, ती धुऊन काढायची होती आणि देशात गोऱ्यांची संख्याही वाढवायची होती. हे सांगितल्याशिवाय सोसुआची गोष्ट सांगूच नये असं मला वाटतं.

१९४० मधे करार झाला, पैसा अमेरिकेतल्या ज्यू संस्थांचा, जमीन २६,००० एकर, पूर्वी तिथे युनायटेड फ्रूट कंपनीचा केळीचा मळा होता. त्याच वर्षी मे महिन्यात पहिले लोक आले, बहुतेक जर्मनी ऑस्ट्रियाचे.

शेती आधी नाहीच जमली. सगळं सामायिक ठेवलेलं, टोमॅटो लावले, ते फसलं. मग प्रत्येकाला ८० एकर, १० गाई, एक खेचर, एक घोडा असं वाटून दिलं आणि दुधाने हात दिला. तुम्ही आणंदच्या शेजारच्या, तुम्हाला काय सांगायचं, त्या उकाड्यात दूध एकट्याला टिकवता येत नाही, गोळा करणारी डेअरी लागतेच, तशी त्यांनी सहकारी डेअरी काढली आणि सोसुआचं चीज, बटर देशभर विकलं जायला लागलं. शेतं ज्याची त्याची पण डेअरी सगळ्यांची, ही सांगड मला फार आवडते.

युद्ध संपल्यावर पुष्कळ जण अमेरिकेला गेले, आता गाव टुरिस्टांचं झालंय, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि छोटं म्युझियम मात्र आहे.

लाखाचं म्हणाल तर सोसुआत हजारही लोक आले नाहीत. पण व्हिसा दिले सुमारे ५,०००, आणि कित्येक जण बेटावर न पोचताही त्या कागदाच्या जोरावर युरोपातून निसटले, हे मुलाला जरूर सांगा.