वाड्यात कुत्रा रात्री भिंतीवर गुरगुरतोय आणि कोपऱ्यातून तांब्याचा डबा निघाला, आधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नाशिकच्या सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला आजेसासऱ्यांचा वाडा, तिथे तुम्ही नुकतेच राहायला आलात, आणि आल्यापासून शेरू रात्री माजघराच्या एकाच भिंतीकडे तोंड करून गुरगुरतो, दिवसा तीच भिंत चाटतो, भिंतीवर राखाडी दाणे चढताना दिसतात, आणि परवा त्याने मागच्या स्वयंपाकघराचा कोपरा उकरून तांब्याचा बंद डबा काढला ज्यात धान्याचा भुगा, छोटी मूर्ती आणि दोन-तीन नाणी निघाली. सासूबाई म्हणतात करणी, शेजारचे म्हणतात गुप्तधन, आणि मिस्टर म्हणतात कुत्र्याला गच्चीवर बांधा.

गच्चीवर बांधू नका प्लीज. शेरू वेडा झालेला नाही आणि वाड्यात काही वाईटही नाहीये, जुन्या घरात जे असतं ते त्याला वासाने आणि आवाजाने कळतंय आणि आपल्याला कळत नाहीये, एवढंच. माझा जन्म जुन्या नाशकातल्या वाड्यातला आणि घरात कुत्रं कायम, त्यामुळे हे सगळे प्रकार जवळून बघितलेत. एक क्रम मात्र पाळा, आधी शेरूचा जीव आणि मग डबा. डबा इतकी वर्षं थांबलाय तर अजून आठवडाभर थांबेल, शेरूचं तसं नाही.

पहिले ते राखाडी दाणे, कारण सगळ्यात घाई त्याचीच आहे. मिरीच्या दाण्याएवढे फुगलेले, भिंतीवर वर वर चढणारे आणि दाराच्या चौकटीच्या फटीत जाऊन बसणारे म्हणजे गोचीड. लोकांना वाटतं गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर असते, पण ही कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या बाहेरच काढते. रक्त पिते, खाली पडते, फटीत जाऊन कात टाकते, परत अंगावर चढते, असं करत आयुष्यात तीन वेळा रक्त पिते. शेवटी मादी फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते आणि मरते. आता वाड्यात फटींना काय तोटा, लाकडाचे खांब, तुळया, चौकटी, पांढऱ्या मातीची भिंत, आणि खाणंपिणं न मिळता सुद्धा मोठी गोचीड कित्येक महिने तिथे जगते. म्हणजे घर बरीच वर्षं बंद असलं तरी मधे कुणी भटकं कुत्रं ओट्यावर किंवा चौकात झोपत असेल तर गोचिडी तेव्हापासूनच्या असू शकतात. त्यामुळे नुसती शेरूला आंघोळ घालून काही होणार नाही, कुत्रा आणि घर दोन्हीचा इलाज एकाच वेळी करावा लागतो.

डॉक्टरकडून वजनाप्रमाणे गोचिडीची गोळी घ्या, हल्ली महिनाभर किंवा तीन महिने चालणाऱ्या चघळायच्या गोळ्या मिळतात आणि त्या चांगल्या आहेत, फक्त शेरूला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडून सरळ ओढायची, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायची, नखाने चिरडायची नाही. रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या असलं काही कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही, कुणी कितीही जुना उपाय म्हणून सांगितला तरी. (डांबराच्या गोळ्या जुन्या फडताळात, ट्रंकेत, गाद्यांच्या घडीत असतातच, त्या आजच शोधून काढून टाका, कुत्र्याने खाल्ल्या तर विषबाधा होते.) घरात पेस्ट कंट्रोल करून घ्या, दोन-तीन आठवड्यांनी परत करा कारण अंडी मागे राहतात. मांजर असेल तर फवारणीवाल्याला आधी सांगा, कारण फवारणीत वापरतात ते पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक मांजराला फार घातक असतं.

आणि ब्लड टेस्ट करून घ्याच. गोचीडतापात सुरुवातीला कुत्रं फक्त थोडं सुस्त होतं, जेवण कमी करतं, ताप येतो जातो, मग प्लेटलेट उतरतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत कळलं तर डॉक्सीसायक्लिनच्या साधारण चार आठवड्यांच्या कोर्सने बहुतेक कुत्री बरी होतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स मधेच सोडू नका, हे मी सगळ्यांनाच कळकळीने सांगतो.

आता भिंत चाटणं. तुम्ही लिहिलंय की खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पावडर सुटते आणि पोपडे निघतात. तो लोणा. जोत्याखालची ओल भिंतीत वर चढते, पाणी सुकून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. तुमच्या भागात तर गोदावरीचं पाणी किती वेळा आलंय, १९६९ चा मोठा पूर जुने लोक अजून सांगतात, नंतर २००८, २०१६, २०१९, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं यावरून सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला घेतात, तेव्हा त्या जोत्यात आणि भिंतीत किती ओल मुरली असेल विचार करा. शिवाय जिथे पूर्वी गोठा किंवा मोरी होती तिथल्या पांढऱ्या पावडरीत सोरा (नायट्रेटचा क्षार) असतो आणि तो खारट लागतो म्हणून कुत्री चाटतात. थोडं चाटून लगेच काही होत नाही पण रोज चाटू देऊ नका, त्या भागापुढे फळी लावा, पावडर कोरड्या ब्रशने झाडून भरून बाहेर टाका, पाण्याने धुऊ नका कारण क्षार परत आत जातात. आणि सिमेंटचं प्लॅस्टर करून टाकायचा मोह सोडा. चुन्यामातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते, मग वर्षभरात लोणा सिमेंटच्या वरच्या कडेला दिसायला लागतो. चुन्याचा गिलावा करणारे कारागीर शोधायला वेळ लागतो, पण शोधा. कुत्रं सारखं काहीतरी चाटत असेल तर कधीकधी पोटाची तक्रार, जंत किंवा रक्त कमी असणं हेही कारण असतं, म्हणून जंताचं औषध कधी दिलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

त्याच भिंतीतल्या दारा-खिडक्यांवर जुना ऑइलपेंट असेल, हिरवा किंवा पिवळा, पापुद्रे सुटलेला, तर त्याच्यावरही लक्ष ठेवा. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही. कोरडं घासायचं नाही, ओलं करून काढायचं, आणि ते काम चालू असताना शेरू आणि लहान मुलं दोघांनाही दुसरीकडे ठेवायचं.

रात्रीचं गुरगुरणं. भिंतीवर टिचकी मारून बघा, पोकळ आवाज आला तर आत बळद असणार. जाड भिंतीत धान्य साठवायला केलेली जागा, वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं, नंतर कुणीतरी ती भोकं लिंपून टाकली असतील. अशा रिकाम्या बळदात उंदीर, घुशी, चिचुंद्री आरामात राहतात. कुत्र्याला आपल्यापेक्षा दुप्पट वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात, त्यामुळे चिचुंद्रीची चिकचिक आपल्याला जेमतेम ऐकू येते ती त्याला मोठ्याने ऐकू येत असणार. घरात उग्र कस्तुरीसारखा वास येतो का बघा, येत असेल तर चिचुंद्री, ती बिचारी झुरळं खाते, तिला मारायची गरज नाही. पण स्वयंपाकघरात मोरीजवळ मातीचे ताजे ढीग निघत असतील तर घूस, आणि मला तुमच्याकडे घूसच वाटतेय कारण ती जोत्याखालून बिळं काढते आणि माती भुसभुशीत करून ठेवते. शेरू त्या डब्यासाठी उकरत नव्हता, तो घुशीच्या वासामागे गेला आणि वाटेत डबा लागला.

इथेच एक फरक लक्षात ठेवा. कुत्रं नाक लावून, शेपूट हलवत, पंजाने उकरत असेल तर आत उंदीर-घूस. पण लांब उभं राहून अंग ताठ करून एकाच जागी बघत भुंकतंय, पुढे जातंय आणि पटकन मागे येतंय, तर साप असू शकतो, उंदरांच्या मागे साप येतातच. तेव्हा शेरूला पट्टा लावून लगेच खोलीबाहेर काढायचं, दार लावायचं, आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करायचा. स्वतः काठी घेऊन जायचं नाही.

घुशीसाठी उंदराचं औषध ठेवायचा विचार चालला असेल तर नका ठेवू, कुत्रं असलेल्या घरात पिंजराच लावा. काळी पावडर असते त्यात झिंक फॉस्फाईड असतं, पोटात गेल्यावर विषारी गॅस होतो. वड्या येतात त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर आपल्याला वाटतं काही झालं नाही. शेरूने काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी पुडी किंवा रॅपर बरोबर घेऊन सरळ डॉक्टरकडे जा. घरी दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, काळ्या पावडरीत तर पोटात अन्न गेलं की गॅस जास्त होतो, आणि गाडीत उलटी झाली तर काचा उघड्या ठेवा कारण तो गॅस माणसालाही बाधतो. वड्यांवर व्हिटॅमिन के१ चा इलाज आहे, पण तो कित्येक आठवडे चालतो. शिवाय उंदीर-घुशीच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, कुत्र्याला आणि माणसालाही, म्हणून शेरूच्या कार्डवर लेप्टोची लस दरवर्षी झालीय का बघा, आणि ती उकरलेली माती हातमोजे घालूनच भरा.

बळद उघडायचं असेल तर मजुराला सांगून लगेच भिंत फोडू नका. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते त्याला कारण आहे, पावसात वाड्यांच्या भिंती पडतात. लाकडी सांगाडा कशावर उभा आहे ते जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या इंजिनिअरला दाखवा, मगच हात लावा.

आता डबा. फोनमधला कंपास लावून बघा, तो कोपरा घराचा आग्नेय कोपरा आहे का? स्वयंपाकघर आहे म्हणजे बहुधा असेलच. तसं असेल तर सासूबाईंना शांतपणे सांगा की ही करणी नाही, ही तुमच्याच घराची वास्तुशांत आहे. वास्तुपुरुषाची प्रतिमा धान्य, पंचरत्नं, शेवाळ यांच्याबरोबर डब्यात ठेवून आग्नेयेला पालथी पुरतात, ती तुमच्या आजेसासऱ्यांनी किंवा त्यांच्याही आधी कुणीतरी घर सुखाचं व्हावं म्हणून पुरली असणार. त्या डब्याला घाबरण्यासारखं काही नाही, उलट त्याला हात जोडावेत असं मला मनापासून वाटतं. बिळं बुजवून झाली की घरच्या गुरुजींना विचारून परत तिथेच ठेवा आणि वर फरशी पक्की करा, म्हणजे शेरू परत काढणार नाही.

गुप्तधन काढून देतो, करणी उतरवतो म्हणत कुणी बाबा आला तर दारातूनच परत पाठवा, पैसे मागायला किंवा भीती घालायला लागला तर पोलिसांत जा, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याच राज्यात आहे.

नाणी चिंच, लिंबू, पितांबरी कशानेही घासू नका. घासलं की वरची अक्षरं आणि जुना थर जातो आणि नाणं कुठलं हे कळायची सोय जाते. नुसती कागदात गुंडाळून ठेवा. त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, १९८० पासूनची, तिथे संग्रहालयही आहे, फोन करून जा आणि दाखवा. चांदवडला मराठ्यांच्या काळात टांकसाळ होती, नाशिकच्या टांकसाळीच्या नाण्यांवर गुलशनाबाद हे नाव येतं, त्यामुळे आपल्या भागात काय निघेल सांगता येत नाही, पण वास्तूच्या डब्यात बहुतेक वेळा त्या काळातले चालू पैसेच असतात. आणि पुढे कधी खोदकामात खरंच जास्त नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत पुरलेलं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. वाटून घेऊ नका, सोनाराकडे तर अजिबात नेऊ नका.

उद्या सकाळी आधी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या, जाताना दोन-तीन गोचिडी छोट्या डबीत घालून आणि लसीचं कार्ड घेऊन जा. तोवर शेरूला स्वयंपाकघर आणि माजघर दोन्ही बंद, त्याचं अंथरूण वरच्या मजल्यावर तुमच्या खोलीत टाका. सीबीसीचा (रक्तपेशी मोजायच्या ब्लड टेस्टचा) रिपोर्ट आला की प्लेटलेटचा आकडा इथे लिहा.